नजर आणि अंतर : शिकारी पक्ष्यांच्या व्यक्तिचित्रणाचा आढावा

प्रश्नाची मांडणी

शिकारी पक्ष्यांच्या छायाचित्रणात दोन ठळक प्रकार दिसतात. एकात आभाळात घिरट्या घालणारा किंवा भक्ष्यावर झेप घेणारा पक्षी असतो. दुसऱ्यात चौकट व्यापून टाकणारा त्याचा चेहरा असतो आणि त्यात बुबुळाचा रंग, चोचीचा बाक आणि मानेवरचे एकेक पीस वेगळे ओळखता येते. या दुसऱ्या प्रकाराला छायाचित्रकार पोर्ट्रेट म्हणतात. येथे त्यासाठी व्यक्तिचित्र हा शब्द योजला आहे. शिकारी पक्षी ही संज्ञाही व्यापक अर्थाने घेतली असून गरुड, घारी, भोवत्या, शिक्रे, ससाणे आणि गिधाडे हे दिवाचर पक्षी तीत येतात, तसेच घुबडेही येतात.

व्यक्तिचित्राला जवळीक लागते आणि हे पक्षी तर माणसाची जवळीक सहसा सहन करत नाहीत. या अडचणीतून वाट काढण्यासाठी गेल्या सव्वाशे वर्षांत अनेक युक्त्या निघाल्या आणि प्रत्येक युक्तीबरोबर तिच्याविषयीचा वादही आला. ही जवळीक कोणत्या मार्गाने मिळवावी, त्यांपैकी कोणता मार्ग गैर मानावा आणि चित्र कसे मिळाले याची हकिगत चित्राबरोबर सांगणे बंधनकारक असावे का, हे या वादातले तीन मुख्य प्रश्न आहेत.

मुठीवरच्या पक्ष्यापासून घरट्यापर्यंत

शिकारी पक्ष्याचे जवळून चित्र काढण्याची हौस कॅमेऱ्यापेक्षा बरीच जुनी आहे. इराणच्या शाह अब्बासकडून आलेल्या एका ससाण्याचे रूप जहांगीर बादशहाला इतके आवडले की त्याने उस्ताद मन्सूर या दरबारी चित्रकाराला त्याचे चित्र काढण्याची आज्ञा केली, अशी नोंद त्याच्या आत्मचरित्रात सापडते. मुघल लघुचित्रांतले बाज आणि ससाणे बहुधा अड्ड्यावर किंवा बाजदाराच्या हातमोज्यावर बसलेले असतात आणि त्यांच्या पायांतले चामडी पट्टे चित्रकार लपवत नाही. बाज, शिक्रा, बहिरी ही मराठीत रुळलेली नावेही पक्षी पाळून शिकार करण्याच्या याच परंपरेतून, फारसीच्या वाटेने आलेली आहेत. भारतातली शिकारी पक्ष्यांची पहिली बारकाईची व्यक्तिचित्रे पाळीव पक्ष्यांची होती आणि ती तशी असल्याचे चित्रातच दिसत होते, ही गोष्ट पुढच्या वादाच्या संदर्भात ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

कॅमेरा आला तेव्हा त्याची नजर आखूड होती, त्यामुळे पक्षी जिथे हमखास परत येतो ती जागा, म्हणजे घरटे, हेच छायाचित्रकारांचे मुख्य ठिकाण बनले. इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी किर्टन या बंधूंनी १८९२ मध्ये अंड्यांसह घरट्याचे छायाचित्र घेतले आणि १८९५ मध्ये ब्रिटिश पक्ष्यांच्या घरट्यांवरचे सचित्र पुस्तक काढले. पक्ष्यांच्या जवळ जाण्यासाठी त्यांनी बैलाच्या कातड्याचा पोकळ पुतळा करून त्यात बसण्यापर्यंत मजल मारली होती. पक्ष्याला न दिसता बसण्याच्या अशा आडोशाला इंग्रजीत हाइड आणि मराठीत लपण म्हणतात. एरिक हॉस्किंग या छायाचित्रकाराला १९३७ मध्ये वेल्समध्ये घरट्यापाशी काम करत असताना एका घुबडाने डोळ्यावर पंजा मारला आणि त्याचा डावा डोळा कायमचा गेला. त्याने पुढेही घुबडांची छायाचित्रे घेतली आणि ही कथा धाडसाची म्हणून सांगितली जाऊ लागली. पण ते घुबड पिल्लांचे रक्षण करत होते, हा तिचा अर्धा भाग मात्र बराच काळ दुर्लक्षित राहिला.

भारतात लोक वान थो या छायाचित्रकाराने पक्षिशास्त्रज्ञ सालिम अलींच्या सहवासात पक्ष्यांची छायाचित्रे घेतली आणि १९५७ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. शिकारी पक्ष्यांपुरते पाहिले तर मुंबईचे रिशाद नौरोजी यांचा भारतीय उपखंडातील शिकारी पक्ष्यांवरील ग्रंथ (२००६) हा महत्त्वाचा टप्पा ठरतो, कारण त्यात छायाचित्र शोभेसाठी आलेले नाही. वय, लिंग आणि पिसाऱ्याच्या अवस्था ओळखण्याचे साधन म्हणून ते आले आहे. त्यानंतरचा बदल तंत्राने घडवला. २०१३-१४ च्या सुमारास १५० ते ६०० मिमी पल्ल्याच्या तुलनेने स्वस्त झूम लेन्स बाजारात आल्या आणि २०२०-२१ पासून पक्ष्याचा डोळा आपोआप हुडकून त्यावर फोकस धरणारे कॅमेरे मिळू लागले. पूर्वी वर्षानुवर्षांच्या सरावाने साधणारी तीक्ष्णता आता नवख्यालाही साधू लागली आणि रानात कॅमेरा घेऊन उतरणाऱ्यांची संख्या वाढली.

अंतराचे गणित

लांब पल्ल्याची लेन्स घेतली की जवळ जाण्याची गरज उरत नाही, असे मानले जाते. हे अर्धेच खरे आहे आणि एक साधा हिशेब मांडला की ते लक्षात येते. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिमी रुंद आणि २४ मिमी उंच असतो. शिक्र्याचे डोके चोचीसह साधारण ५ सेंमी धरले आणि ते चौकटीच्या निम्म्या उंचीत बसवायचे ठरवले, तर ६०० मिमीच्या लेन्सनेही पक्ष्यापासून सुमारे ३ मीटरवर यावे लागते. या पल्ल्याच्या बऱ्याच मोठ्या लेन्सचा इतक्या जवळ फोकसच होत नाही. मोठ्या गरुडाचे डोके याच्या दुप्पट धरले, तरी अंतर साडेपाच मीटरच्या आसपासच येते.

शिवाय इतक्या जवळून स्पष्टतेची खोली, म्हणजे फोकसच्या मागेपुढे जेवढा भाग तीक्ष्ण दिसतो तो पट्टा, फारच अरुंद होतो. साडेपाच मीटरवर ६०० मिमीच्या लेन्सचे छिद्र ५.६ वर ठेवले तर हा पट्टा जेमतेम अडीच सेंटिमीटरचा असतो. गरुडाने तोंड कॅमेऱ्याकडे वळवले की डोळा आणि चोचीचे टोक यांत त्याहून अधिक अंतर पडते, त्यामुळे डोळा लख्ख आणि चोच धूसर असे चित्र मिळते. छिद्र ११ वर आणले तर पट्टा पाच सेंटिमीटरपर्यंत वाढतो, पण प्रकाश चौपटीने घटतो. पक्षी पूर्ण बाजूने दिसत असेल तर डोळा आणि चोच एकाच पातळीत येतात आणि ही अडचण बव्हंशी सुटते. बाजूने घेतलेली इतकी व्यक्तिचित्रे दिसतात त्याचे एक कारण हेही आहे.

दुसरा उपाय क्रॉपचा, म्हणजे चित्राच्या कडा कापून मधला भाग मोठा करण्याचा. ४५ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने गरुड साडेदहा मीटरवरून टिपला आणि तेवढीच चौकट कापून काढली, तर सुमारे ११ मेगापिक्सेल हाती राहतात. वीस मीटरवरून टिपला तर तीनही उरत नाहीत. छोट्या पडद्यावर पाहण्यापुरते हे पुरते, भिंतीवर लावायच्या मोठ्या छपाईला पुरत नाही. त्यातच दख्खनच्या माळावर सकाळी ऊन चढले की जमिनीलगतची तापलेली हवा थरथरू लागते आणि लांबून घेतलेल्या चित्रातले पिसांचे बारकावे विरघळून जातात. छायाचित्रकाराला पुढे सरकण्याचा मोह होतो तो केवळ हावेपोटी होत नाही, त्यामागे प्रकाशशास्त्राची ही सक्तीही आहे, हे त्याच्या बाजूने मान्य करावे लागते.

चेहऱ्यात काय वाचता येते

व्यक्तिचित्राचे समर्थक त्याच्या ज्ञानमूल्यावर भर देतात आणि त्यात तथ्य आहे. शिक्र्याच्या पिल्लाचे बुबुळ पिवळे असते आणि प्रौढ नराचे लाल होते. कापशी घारीचे डोळे वयात आल्यावर माणकासारखे लाल होतात. ससाण्यांचे डोळे मात्र काळेभोर राहतात आणि त्यांच्या वरच्या चोचीच्या कडेला दातासारखा एक उंचवटा असतो, त्याने ते भक्ष्याच्या मानेचा मणका तोडतात. चोचीच्या मुळाशी असलेल्या मऊ मांसल पट्ट्याचा रंग, डोळ्यावरून सरकणारी अर्धपारदर्शक तिसरी पापणी, घुबडाच्या चेहऱ्यावरची ध्वनी गोळा करणारी पिसांची तबकडी, हे सारे दुर्बिणीतून क्षणभर दिसते. चित्रात ते थांबून पाहता येते.

दुसरे मूल्य लोकशिक्षणाचे आहे. घुबडाला अशुभ मानण्याची समजूत महाराष्ट्रात खोलवर रुजलेली आहे, आणि अंधश्रद्धेपोटी घुबडांचा होणारा व्यापार २०१० मध्ये ट्रॅफिक इंडिया या संस्थेच्या अहवालाने पुढे आणला. पुरंदर तालुक्यातील पिंगोरी येथे इला फाउंडेशनने २०१८ मध्ये घुबड महोत्सव सुरू केला, तो याच भीतीवर उपाय म्हणून. गव्हाणी घुबडाचा बदामाच्या आकाराचा पांढरा चेहरा मोठ्या छायाचित्रात शांतपणे पाहिला तर भीतीच्या जागी कुतूहल येण्याची शक्यता वाढते, हे अमान्य करता येत नाही.

मात्र या चेहऱ्याचा चुकीचा अर्थही तितक्याच सहज लावला जातो. गरुड रागीट दिसतो, कारण त्याच्या डोळ्यांवर हाडाची पुढे आलेली कड असते. ती भावना नाही, शरीररचना आहे. स्वस्थ बसलेला शिक्रा पाहिला तर एक पाय पोटाच्या पिसांत ओढून घेतलेला असतो, अंग सैल आणि फुगीर असते, मधूनच तो पिसे साफ करतो किंवा सारे अंग झाडून घेतो. त्याला माणसाची चाहूल लागली की तीच पिसे अंगाला घट्ट चिकटतात, मान लांब होते, दोन्ही पाय फांदीवर टेकतात, डोके वरखाली होऊ लागते आणि उडण्यापूर्वी तो बहुधा विष्ठा टाकतो. निशाचर घुबड दिवसा डोळे मिटून किंवा किलकिले करून बसते. भर दुपारी टिपलेले त्याचे टपोरे, थेट लेन्समध्ये रोखलेले डोळे पुष्कळदा त्याची झोप मोडल्याची खूण असतात. पिंगळ्यासारख्या दिवसाही जाग्या असणाऱ्या जातींना हे जसेच्या तसे लागू होत नाही. तरीही स्पर्धांत आणि दिनदर्शिकांत ‘करारी नजर’ म्हणून वाखाणली जाणारी कितीतरी चित्रे खरे पाहता बिथरलेल्या पक्ष्याची असतात, आणि जवळून घेतलेल्या चित्रात ते लपत नाही, हे या आढाव्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण आहे.

जवळ जाण्याचे चार मार्ग

पहिला मार्ग बंदिस्त किंवा पाळीव पक्ष्याचा. ब्रिटनमध्ये बाजदारीला कायद्याची मान्यता असल्याने तेथील केंद्रांत छायाचित्रकारांसाठी खास दिवस ठेवले जातात आणि हवे ते अंतर, हवी ती पार्श्वभूमी मिळते. अशा चित्रामुळे रानातल्या एकाही पक्ष्याला त्रास होत नाही, असे समर्थक सांगतात. विरोधकांचे म्हणणे असे की त्यातून पक्षी माणसाजवळ सहज येतो असा गैरसमज पसरतो आणि पाळीव पक्ष्यांची मागणी वाढते. छायाचित्रण संस्थांच्या २०१४ मध्ये ठरलेल्या सामायिक व्याख्येनुसार वन्यजीव या विभागात मुक्त पक्ष्याचेच चित्र चालते, पण संशोधकांनी पायात घातलेले कडे किंवा अंगावर बसवलेले यंत्र चालते. भारतात शिकारी पक्षी पाळणे बेकायदा असल्याने हा मार्ग प्राणिसंग्रहालये आणि उपचार केंद्रे यांपुरताच उरतो, आणि उपचार घेणाऱ्या पक्ष्याला छायाचित्रासाठी हाताळावे का, हा त्यातला वेगळा नाजूक प्रश्न आहे.

दुसरा मार्ग आमिषाचा असून सर्वांत तीव्र मतभेद त्याबद्दलच आहेत. नॉर्वेच्या आणि स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर होडीतून मासे फेकून समुद्री गरुडांना बोलावले जाते, जपानच्या राउसू बंदरातही तसेच होते आणि स्पेनच्या पिरेनीज पर्वतात गिधाडांसाठी मांस टाकून समोर भाड्याने लपणे दिली जातात. त्यातून स्थानिकांना उत्पन्न मिळते आणि पक्षी जिवंत राहण्यात गावाचे हित गुंतते, हा युक्तिवाद पोकळ नाही. महाराष्ट्रातही फणसाड अभयारण्यात आणि नाशिकच्या हरसूल भागात गिधाडांसाठी मृत जनावरे ठेवण्याचे प्रयोग झाले आहेत. त्यांचा हेतू मात्र छायाचित्रणाचा नव्हता; जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने गिधाडे नव्वद टक्क्यांहून अधिक घटली, त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर २००६ मध्ये बंदी आली, आणि त्यापासून मुक्त अन्न पुरवणे हा उद्देश होता. त्यामुळे अन्न ठेवणे वाईट की चांगले, असा सरसकट प्रश्न निरर्थक ठरतो. अन्न कोणते, कोणासाठी, किती नियमित आणि ते बंद पडल्यावर पक्ष्याचे काय होणार, असे प्रश्न विचारावे लागतात. जिवंत आमिषाबाबत मात्र जवळजवळ एकमत झाले आहे. उत्तर अमेरिकेत हिमघुबडांपुढे दुकानातून आणलेले उंदीर सोडण्याच्या प्रकारांवर झालेल्या टीकेत तीन आक्षेप वारंवार आले : पक्षी रस्त्याच्या कडेला माणसाची वाट पाहू लागतो, वाहनाखाली सापडतो आणि पाळलेल्या उंदरांचे रोग त्याला लागू शकतात. प्रमुख आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिवंत आमिषाची चित्रे स्वीकारत नाहीत.

तिसरा मार्ग घरट्याचा. एके काळी हाच राजमार्ग होता. आज अनेक संपादक आणि स्पर्धा अशी चित्रे थेट नाकारतात. अंडी उघडी पडली की दख्खनच्या उन्हात थोड्या वेळातही गर्भ मरू शकतो, माणसाच्या वावरामुळे कावळ्यांना घरट्याचा सुगावा लागतो, आणि आडव्या येणाऱ्या फांद्या छाटल्या तर पिल्लांवरची सावलीच जाते. अनुभवी निरीक्षकांचा एक गट तरीही असे म्हणतो की पिल्ले मोठी झाल्यावर, दुरून आणि लपणात राहून केलेल्या नोंदींमुळेच प्रजननाविषयी आज आहे ते ज्ञान मिळाले, आणि सरसकट बंदीने अभ्यासाचे नुकसान होईल. हा मुद्दा संशोधनाला लागू आहे. केवळ व्यक्तिचित्रासाठी घरटे गाठण्याला तो लागू होत नाही, असे येथे नोंदवावेसे वाटते.

चौथा मार्ग वाट पाहण्याचा आहे आणि त्याविषयी सर्वांत कमी लिहिले जाते. पक्षी ज्या फांदीवर रोज बसतो ती हेरून आधीच लपणात बसावे, किंवा वाहनातून न उतरता इंजिन बंद करून थांबावे, कारण माळावरचे बरेच पक्षी पायी चालणाऱ्या माणसापेक्षा उभ्या गाडीला कमी बिचकतात. पुणे जिल्ह्यात कडबनवाडी आणि शिर्सुफळ येथे वनविभागाने सुरू केलेली गवताळ सफारी याच तत्त्वावर चालते. पण गाडी वाट सोडून गवतात घातली की जमिनीवर घरटी करणाऱ्या चंडोलांची अंडी चाकाखाली जातात, आणि संध्याकाळी गवतात रात्रीच्या वस्तीसाठी उतरणाऱ्या भोवत्यांना पुन्हा उठावे लागते. उजनी धरणाच्या पाण्यात, भिगवणच्या बाजूला, वठलेल्या खोडावर बसलेल्या कैकराकडे होडी नेताना जाणता नावाडी थेट न जाता तिरकी वाट धरतो आणि पक्ष्याने मान लांबवली की बांबू रोवून होडी थांबवतो. चांगले व्यक्तिचित्र मिळणे न मिळणे अनेकदा या माणसाच्या समजुतीवर अवलंबून असते, पण श्रेय देताना त्याचे नाव क्वचितच येते.

कायद्याची चौकट

ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातील पक्ष्यांना, ज्यांत सोनेरी गरुड आणि गव्हाणी घुबडही आहेत, घरट्यापाशी विचलित करायचे तर परवाना लागतो आणि तो छायाचित्रकारांनाही लागू आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील शिकारीची व्याख्या व्यापक आहे. पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणे तीत येते आणि आमिष दाखवणे हा शब्दही येतो. फोटोसाठी गरुडासमोर उंदीर ठेवणे या शब्दाच्या कक्षेत बसते का, हा अर्थनिर्णयाचा प्रश्न आहे. मनोरंजनासाठी एखाद्या प्राण्याला दुसऱ्याचे भक्ष्य म्हणून बांधून ठेवणे मात्र १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने स्पष्टपणे गुन्हा ठरवले आहे. अभयारण्यात छायाचित्रणासाठी प्रवेश परवान्याची तरतूद आहे. माळ, तलावकाठ आणि गावठाण यांसारख्या जागी, जिथे महाराष्ट्रातले बहुसंख्य शिकारी पक्षी टिपले जातात, तिथे अशी देखरेख नसते.

अनिर्णित मुद्दे

पहिला मुद्दा मोजमापाचा. माणूस जवळ येत असताना पक्षी ज्या अंतरावर उडतो त्याला उड्डाण-अंतर म्हणतात, आणि तो ज्या अंतरावर सावध होतो ते सावध-अंतर त्याहून मोठे असते. नैतिक नियमांत सुरक्षित अंतराचे मीटर लिहावेत असा आग्रह धरणाऱ्यांची अडचण अशी की हे अंतर जातीगणिक, ऋतूगणिक आणि जागेगणिक बदलते. दिल्लीत पुण्य म्हणून घारींना मांसाचे तुकडे टाकण्याची प्रथा आहे आणि तिथली घार माणसाच्या डोक्यावरून जाते. माळावरचा गरुड शंभर मीटरवरूनच उठू शकतो. म्हणून आकड्यांऐवजी पक्ष्याच्या वागण्याकडे पाहावे, अंतर पक्ष्याला ठरवू द्यावे, असे दुसरा पक्ष म्हणतो. हा निकष अधिक योग्य आहे. पण तो पाळण्यासाठी पक्ष्याचे वागणे वाचता यावे लागते, आणि नवख्याकडे नेमके तेच नसते.

दुसरा मुद्दा प्रामाणिकतेचा. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या स्पर्धेत २००९ चे विजेते ठरलेले लांडग्याचे चित्र, तो प्राणी माणसाळवलेला असावा या कारणावरून पुढच्या वर्षी बाद झाले. तेव्हापासून मूळ फाइल तपासण्यावर भर वाढला, पण मूळ फाइलमध्ये चित्रातले फेरफार दिसतात, चौकटीबाहेर ठेवलेले मांस दिसत नाही. आता तर सॉफ्टवेअर कापलेल्या चित्रात न टिपलेली पिसेही भरून देते. दुरूनच समाधान मानण्याची ही सोय मानावी की पक्ष्याच्या नोंदीत शिरलेली बनावट, याबाबत मते विभागलेली आहेत. ओळख पटवण्यासाठी छायाचित्र वापरणारा अभ्यासक दुसऱ्या मताकडे झुकणे स्वाभाविक आहे, कारण त्याच्यासाठी एका पिसाची कडही पुरावा असते.

तिसरा मुद्दा ठिकाण सांगण्याचा आहे आणि तो रानपिंगळ्याइतका दुसऱ्या कोणत्याही पक्ष्याबाबत टोकदार नाही. १८८४ नंतर खात्रीलायक नोंद नसलेले हे छोटे घुबड नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडले, पुढे मेळघाटात त्याची चांगली संख्या आढळली आणि २०१४ मध्ये मुंबईपासून जवळच्या तानसा अभयारण्यातही ते दिसले. ते दिवसा वावरते, उघड्या फांदीवर बसते आणि ध्वनिमुद्रित हाकेला उत्तर देते, म्हणजे व्यक्तिचित्रासाठी यापेक्षा सोयीचा पक्षी नाही. गणना करणारे संशोधकही हीच हाक वाजवतात, पण ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळेपुरती आणि नोंद ठेवून. त्याच झाडाखाली वेगवेगळ्या गटांनी ती वाजवली तर विणीच्या काळात नर हद्दीच्या रक्षणासाठी पुन्हा पुन्हा धावून येतो आणि तेवढा वेळ त्याची शिकार थांबते. ठिकाण लपवावे तर जंगलाला माणसांचे लक्ष आणि पाठिंबा मिळत नाही, उघड करावे तर गर्दी होते. मर्यादा वनखात्याने घालावी, पक्षिमित्र संघटनांनी की त्या जंगलात राहणाऱ्या गावांनी, यावर अजून सहमती झालेली नाही.